डब्यानें काढलेलें चित्र

निमगांव केतकी हें आमचें गांव बारामती-इंदापूर रस्त्यावर असून पानमळ्यांकरितां प्रसिद्ध आहे. आमच्या आजोबांचाही एक लहानसा पानमळा होता. पाण्याची टंचाई व मजुरांची अडचण यांमुळें गेल्या उन्हाळ्यांत तो मोडावयाचें ठरलें. तत्पूर्वीं त्याचें एक चित्र असावें, आणि तें आपल्याच हातांनीं केलेल्या कॅमेऱ्यानें काढावें, असें आम्हां दोघां भावांच्या मनानें घेतलें.

वास्तविक मोबाइलनें हें काम क्षणांत झालें असतें. परंतु आमच्या हट्टाचें मूळ आजोबांच्याच एका आठवणींत होतें. ता. १६ फेब्रुवारी १९८० रोजीं सूर्यग्रहण झालें, तेव्हां लोक दारें लावून घरांत बसले होते. आजोबा मात्र मळ्यांत होते. नागवेलीच्या पानांतून जमिनीवर एरव्हीं उन्हाचे वाटोळे कवडसे पडत. त्या दुपारीं त्या सर्वांच्या चंद्रकोरी झालेल्या त्यांनीं पाहिल्या! कारण असा प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्याचेंच चित्र होय. प्रकाश सरळ रेषेंत जातो. म्हणून बारीक छिद्रांतून जातांना वरचा किरण खालीं व खालचा वर पोहोंचतो, आणि समोरील वस्तूचें उलटें चित्र उमटतें. ज्या मळ्यानें आजोबांस हा चमत्कार दाखविला, त्याचें चित्र त्याच युक्तीनें काढणें आम्हांस योग्य वाटलें.

चहाचा एक रिकामा डबा घेऊन आम्हीं तो आंतून काळा रंगविला. बुडाला खिळ्यानें भोंक पाडलें. पातळ पत्र्याच्या तुकड्यास सुईच्या टोकानें छिद्र पाडून, त्याच्या कडा पॉलिश-कागदानें घासून, तो तुकडा त्या भोंकावर चिकटविला. डब्याची खोली १० सेंटिमीटर असल्यास छिद्र सुमारें ०.४ मिलिमीटर असावें. फार मोठें झाल्यास चित्र पुसट येतें. छिद्रावर काळी पट्टी लावली, कीं झाली झांकणी! कोल्हापुरांत बाबुराव पेंटर यांनीं १९१८ च्या सुमारास चलच्चित्रांचा कॅमेरा स्वतः तयार केला होता. त्यापुढें आमचा डबा तो काय! तरीही आमचा अभिमान कमी नव्हता.

फोटोचा कागद पुण्याहून आणविला. कोठीच्या दारावर वाकळ टांगून, तांबड्या दिव्याच्या उजेडांत तो झांकणाच्या आंतल्या बाजूस बसविला. पहिला कागद अवघा काळा झाला. झांकणाच्या फटींतून उजेड शिरला होता. दुसऱ्या वेळीं झांकणाभोंवतीं काळी पट्टी गुंडाळून आम्हीं मिनिटभर छिद्र उघडें ठेवलें. आजोबा समोरच पानें खुडीत होते. रसायनांत धुतल्यावर शेवरीचे सोट उमटले, वेल उमटले. आजोबा मात्र कोठेंच नव्हते! जो हलतो त्याचा ठसा कागदावर राहत नाहीं, हें आम्हांस ठाऊक होतें. तरी तो रिकामा मळा पाहून छातींत धस्स झालें.

आतां दोनच कागद उरले होते, आणि त्यांपैकीं एक छाप घेण्यास हवा होता. आम्हीं आजोबांस स्वस्थ बसण्याची विनंती केली. ते म्हणाले, “बसतों, पोरांनो. पण या मळ्यांत रिकामा असा मी आजवर कधीं बसलों नाहीं!” पालथ्या टोपलीवर ते बसले. आम्हीं मोठ्यानें साठपर्यंत अंक मोजले.

कागदावर उजेडाचें काळें व सावलीचें पांढरें झालें होतें. तो कांचेखालीं दुसऱ्या कागदावर पालथा ठेवून, क्षणभर उजेड दाखवून आम्हीं छाप घेतली. मळा आला, आजोबाही आले. त्यांचे हात तेवढे अस्पष्ट होते. बोटें संवयीनें हललीं असावींत.

पुढल्या आठवड्यांत वेल उपटले गेले. चित्र आमच्या ओसरीवर लाविलें आहे. आल्यागेल्यास तें दाखवितांना आजोबा चेहऱ्याकडे बोट दाखवीत नाहींत, त्या पुसट हातांकडे दाखवितात व म्हणतात, “हे पाहा, येथें मी पानें खुडतों आहें.”