अण्णांचे सोने

सोन्याचा विषय आमच्या घरी वर्ज्य आहे. माझे थोरले बंधू अण्णा यांनी निवृत्तीचे पैसे सोन्याच्या एका योजनेत घातले आणि ती योजना बुडाली, तेव्हापासून! म्हणून गुडलूरच्या जीपवाल्याने मोडक्या हिंदीत, "सोन्याची जुनी खाण बघणार का?" असे विचारले, तेव्हा मी घाईघाईने "नको" म्हणालो. अण्णा म्हणाले, "चला."

निलगिरीच्या पश्चिम उतारावरचे हे गाव. नाव देवाला. पैसा कोणाला गेला, ते नावातच आले! चहाचे मळे संपले, तिथे रस्ताही संपला. पुढे सदाहरित अरण्य. चाके चिखलात रुतत होती, ओढ्यातले पाणी अंगावर उडत होते, जळवा पायांवर चढत होत्या. अण्णा पुढची दांडी घट्ट धरून गप्प बसले होते.

वाटेत मी वाचलेली हकिगत सांगितली. इथले आदिवासी पूर्वापार ओढ्यांची वाळू धुऊन सोन्याचे कण वेचीत. १८७९ मध्ये सरकारने ऑस्ट्रेलियाहून आलेल्या ब्रफ स्मिथ या तज्ज्ञाला पाहणीवर नेमले. त्याचा आशादायक अहवाल निघाला आणि लंडन वेडे झाले. ३३ कंपन्या, ४० लाख पौंडांहून अधिक भांडवल! कॉफीचे मळे वाटेल त्या किमतीला विकले गेले. यंत्रे आली, गारगोटी भरडली. पण खर्च भागेल एवढेही सोने निघेना. दोन-तीन वर्षांत सारा बाजार उठला.

खाण म्हणजे डोंगराच्या कुशीतले एक काळे भोक. तोंडाशी नेचे माजलेले. आतून गार हवा येत होती. "आत जायचे नाही," जीपवाला म्हणाला. अण्णा बराच वेळ बघत उभे राहिले.

"अरे, चाळीस लाख पौंड! साहेबाचे! आणि आम्ही चार लाखांसाठी झुरतोय."

"चार? वहिनी तर दोन म्हणतात."

"तुझ्या वहिनीला मी दोनच सांगितलेत," अण्णा हळूच म्हणाले. मग खाली वाकून त्यांनी पांढऱ्या गारगोटीचा एक तुकडा उचलला आणि खिशात टाकला.

गेल्या धनत्रयोदशीला तो तुकडा पूजेच्या ताम्हनात दिसला.

"हे काय?" वहिनींनी विचारले.

"उरलेले दोन लाख," अण्णा म्हणाले.

वहिनींनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. मग काही न बोलता दगडाला हळदकुंकू वाहिले.