पाच मिनिटं दहा सेकंद

भरतीची जाहिरात निघाली की पालम, सोनपेठ, जिंतूरकडची पोरं परभणीत खोली करून राहतात. मेसचा डबा खातात आणि उजाडायच्या आधी पळायला निघतात. पोलीस भरतीत सोळाशे मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत मारले तर 20 गुण. मैदानीचे एकूण गुणच 50. अर्ध्या गुणानं मेरिट हुकलेली पोरं खोलीखोलीत सापडतील.

माझं औषधाचं दुकान याच खोल्यांच्या गल्लीत. शटर वर करतोय तोच एक पोरगा आला. "काका, मेफेनचं इंजेक्शन हाय का?"

"चिठ्ठी?"

"चिठ्ठी कशाला? ग्राउंडवरचे समदे घेत्यात."

मी दिलं नाही. मेफेन्टरमाइन हे ऑपरेशनच्या खोलीतलं औषध. सिझेरियनला पाठीत भूल दिली की रक्तदाब एकदम उतरतो. तो सावरायला भूलतज्ज्ञ मॉनिटरकडे बघत हे बेतानं देतात. ॲम्फेटामिनच्याच भावकीतलं हे रसायन. 'वाडा' या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेनं खेळाडूंना स्पर्धेत ते बंद केलंय. दम लागलेला कळत नाही, एवढाच त्याचा चमत्कार. दम मात्र लागलेलाच असतो. नाडी सुसाट धावते, कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आवळतात, अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. आपल्याकडच्या एप्रिलात याचा अर्थ काय होतो, ते वेगळं सांगायला नको. आणि सवय झाली की तेवढ्याच औषधानं भागत नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये कुरकुंभच्या कारखान्यात एमडी या अमली पदार्थाचा प्रचंड साठा सापडला, पुढच्या वर्षी तुळजापूरचं ड्रग्जचं प्रकरण गाजलं. तेव्हा आमच्या कट्ट्यावर सगळ्यांचं एकमत होतं, की ही वाया गेलेल्या पोरांची थेरं. मला ते पटत नाही. माझ्या गिऱ्हाइकांत ज्याच्यासाठी घाबरावं असं पोरगं वाया गेलेलं नसतं. ते घरातलं सगळ्यात गुणी असतं.

उन्हाळ्यात त्याच पोराचा बाप दवाखान्याची चिठ्ठी घेऊन आला. पोरगं पळता पळता कोसळलं होतं. त्याच्याही आधी कितीतरी रात्री झोप नव्हती. खोलीतले मित्र आपलं हॉल तिकीट चोरणार, असं त्याच्या डोक्यात बसलेलं. ते शर्टाच्या आत घालून बसायचा. डॉक्टरांनी नशेचं विचारलं तर बाप उखडला. "लेकरू सुपारीला बी शिवत नाही, साहेब." त्यात खोटं काहीच नव्हतं. शेवटी खोलीतल्या एकानं बाटलीचं झाकण आणून दाखवलं, तेव्हा उपचाराला दिशा मिळाली. औषध बंद झालं, झोप लागली, संशय हळूहळू उतरला. छातीतली धडधड मात्र जिना चढतानाही होते म्हणे.

गोळ्यांच्या वेळा समजावून झाल्यावर बाप रेंगाळला. आवाज खाली आणून म्हणाला, "भरतीच्या मेडिकलला हे कळतंय का हो?" मी उलट विचारलं, इंजेक्शन दिलं कुणी? बॅचमधल्या एका थोरल्या पोरानं ऑनलाइन मागवून वाटलं होतं. मी म्हटलं, त्याचा नंबर द्या, मी बोलतो.

"नको, काका," बाप म्हणाला. "त्याचं यंदा सिलेक्शन झालंय."