काच जड, की मशीन झिजलं?

मे संपत आला आणि खारघरच्या डोंगरावर ढग टेकू लागले, की जुनी गाडी बाळगणाऱ्याला पहिली काळजी लागते ती काचांची. इंजिन बिघडलं तर गाडी जागेवर उभी राहते, एवढंच. काच खाली अडकली, तर एका रात्रीच्या पावसात सीट भिजते, गालिचा भिजतो आणि खालचा पत्रा गंजायला लागतो. आमची प्रीमियर पद्मिनी सोसायटीत उघड्यावरच असते. ऐन पावसाच्या तोंडावर तिच्या ड्रायव्हरकडच्या दाराचं हँडल फारच जड फिरू लागलं.

एका गॅरेजवाल्याने दार न उघडताच सांगून टाकलं: काच वर-खाली करणारं मशीन गेलं, बदला.

पण बदलायला आणायचं कुठून? वालचंद हिराचंद यांनी 1944 साली उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनायची. 1964 साली फियाट 1100 डिलाइट म्हणून आलेलं हे मॉडेल सत्तरच्या दशकात पद्मिनी झालं आणि नव्या शतकाच्या तोंडावर त्याचं उत्पादन थांबलं. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर 2023 मध्ये, वीस वर्षांची मुदत भरल्यावर, निवृत्त झाली. त्यामुळे आज हाताशी असलेलं प्रत्येक मूळ मशीन मोलाचं आहे, आणि चांगलं मशीन झिजलेलं समजून फेकणं हे खरं नुकसान.

म्हणून मग काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांवर उभी हयात घालवलेल्या एका फिटरमामांना बोलावलं. त्यांनी पिशवीतला पेचकस बाहेर काढलाच नाही. “दाराचं आतलं पॅड नंतर खोलू. आधी काच अर्धी खाली घ्या, दादा,” एवढंच म्हणाले.

अर्ध्यावर आणलेल्या काचेच्या वरच्या कडेवर त्यांनी दोन्ही तळवे ठेवून सरळ खाली दाब दिला. काच जागची हलली नाही. हँडलच्या दांड्यामागे एका डबीत घट्ट बसवलेली स्प्रिंग असते. काचेचं वजन तीच पेलून धरते. ती झिजली की काच आपोआप खाली घसरते आणि हँडल उलटं फिरतं. इथे तसं काही झालं नाही. मग त्यांनी हँडल अगदी सावकाश फिरवलं. झिजलेला दाता असेल तर विशिष्ट ठिकाणी ‘कटक’ होऊन हँडल उसळतं. हे मात्र खालपासून वरपर्यंत सारखंच जड होतं. शेवटी पॅड काढून काच मशीनपासून सुटी केली, तर तेच हँडल एका बोटाने फिरलं.

मशीन ठणठणीत होतं. दुखणं निघालं काच ज्यात सरकते त्या चॅनेलमध्ये. खारघरमध्ये बांधकामं थांबतच नाहीत. वर्षानुवर्षांची ती धूळ चॅनेलच्या फेल्टमध्ये बसून फेल्ट लाकडासारखं कडक झालं होतं. कोणीतरी पूर्वी त्यात ग्रीस भरलं होतं आणि त्या ग्रीसने आणखी धूळ धरली होती. ग्रीस मशीनला लावायचं असतं. फेल्टला सिलिकॉन स्प्रे पुरतो. दाराच्या तळाची भोकंही चिखलाने बुजली होती. काचेच्या बाहेरच्या रबरातून थोडं पाणी दारात उतरतंच, ते या भोकांतून निघून जावं अशीच रचना असते. मामांनी तार घातली तेव्हा तांबूस पाणी बराच वेळ गळत राहिलं.

जाता जाता त्यांनी बाकीच्या काचाही दाबून पाहिल्या. मागच्या डाव्या दाराची काच, जिच्याबद्दल कोणाची तक्रारच नव्हती, तळव्याखाली सरळ खाली गेली. ते मशीन बाहेर काढून त्यांनी डबी उघडून दाखवली: आतली भिंत घासून चकचकीत झालेली, स्प्रिंगच्या वेढ्यांच्या कडा चपट्या पडलेल्या. हाताला हलकं फिरतं म्हणून ते दार आम्ही सगळ्यांत चांगलं समजत होतो. त्याच्यासाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या भंगार बाजारातून जुनं मशीन आणलं. विकत घेण्याआधी दांडा पकडीने धरून हलवून पाहिला आणि बसण्याची भोकं जुन्या मशीनशी जुळवून घेतली.

हँडलच ढिलं वाटत असेल, तर आधी ते काढून नुसता दांडा हलवून पाहावा. दांडा घट्ट असेल तर हँडलच्या आतल्या खाचा गेल्या आहेत आणि फक्त हँडल बदलून भागतं. काच तिरकी चढत असेल, तर एका बाजूचं फेल्ट किंवा काचेच्या तळाची पट्टी सुटलेली असण्याची शक्यता जास्त. या तपासण्यांना पैसा लागत नाही, थोडा वेळ लागतो.

आणि कोणाच्या घरची पद्मिनी खरोखरच भंगारात निघाली असेल, तर त्यांना एक विनंती: गाडी देण्यापूर्वी चारही दारांची मशीनं काढून, तेल लावून, कोणत्या दाराचं कोणतं ते लिहून ठेवा. कुठल्या तरी पार्किंगमध्ये एखादी गाडी त्यांची वाट पाहत असेल.