कर्ण्यावरून ऐकलेला हिशोब

१९५८ च्या सुरुवातीला मुंबईत एका सरकारी महामंडळाचा हिशोब लोकांनी उभ्याने ऐकला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या एकसदस्यीय आयोगासमोर मुंदडा प्रकरणाची चौकशी सुरू होती आणि सुनावणी सगळ्यांना खुली होती. आत जागा पुरेना, तेव्हा बाहेरच्या गर्दीसाठी कर्णे लावले गेले. अर्थमंत्री, अर्थखात्याचे सचिव, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, सगळे साक्षीला आले. अमुक बैठकीत कोण होतं, कोण काय म्हणालं, होकार कुणी दिला, हे सारं रस्त्यावरच्या माणसाच्या कानावर पडत होतं. आमच्या आधीच्या पिढीतले विमा कर्मचारी ही हकीकत सांगायला लागले की त्यांचा आवाज बदलायचा. आपल्या महामंडळाची अब्रू चव्हाट्यावर आली याचं दुःख त्यात असे, आणि तरी ती चौकशी झाली याचा अभिमान त्याहून मोठा असे.

व्यवहार आजच्या मानाने लहान होता. जून १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे १ कोटी २४ लाख रुपयांचे शेअर घेतले. मुंदडा अडचणीत होते. महामंडळाला जन्मून वर्षही झालं नव्हतं आणि त्याच्या गुंतवणूक समितीला या खरेदीआधी विचारलं गेलं नव्हतं. १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज गांधींनी लोकसभेत हे प्रकरण उघड केलं. ते सत्ताधारी पक्षाचे खासदार होते, पंतप्रधानांचे जावई होते, आणि बोलले आपल्याच सरकारच्या विरोधात. आयोगाचं काम महिन्याभरात उरकलं. फेब्रुवारीत अहवाल आला आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना जावं लागलं. सगळ्या खटाटोपाला लोकसभेतल्या त्या भाषणापासून राजीनाम्यापर्यंत जेमतेम दोन महिने लागले. आज एवढ्या काळात चौकशी समितीला खोली तरी मिळेल का, असं वाटून जातं.

त्या सहा कंपन्यांतली एक भायखळ्याची रिचर्डसन अँड क्रुडास. ती आणि कलकत्त्याची जेसप पुढे स्वतःच सरकारी मालकीच्या झाल्या. ज्यांच्या शेअरवरून एवढं रामायण घडलं, त्यांच्याही ताळेबंदाला शेवटी सरकारच जबाबदार ठरलं.

विम्याचं राष्ट्रीयीकरण केलं ते कृष्णम्माचारींच्या आधीचे अर्थमंत्री, महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख यांनी. खासगी विमा कंपन्यांत लोकांचा पैसा मालकांच्या इतर धंद्यांत वळवला जात होता आणि १९५५ च्या डिसेंबरात याच फिरोज गांधींनी दालमियांच्या विमा कंपनीचा कारभार लोकसभेत मांडला होता. पुढच्याच महिन्यात राष्ट्रीयीकरण जाहीर झालं. १ सप्टेंबर १९५६ ला २४५ विमा कंपन्या आणि संस्था मिळून एक महामंडळ उभं राहिलं, भांडवल ५ कोटी. म्हणजे हे महामंडळ जन्मलंच हिशोबाच्या प्रश्नातून.

आमच्या घरी विम्याचे एजंट यायचे ते पाहुण्यासारखे. चहा व्हायचा, मुलांच्या शाळेची चौकशी व्हायची, मग हळूच हप्त्याचा विषय निघायचा. पावत्या कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात, रेशनकार्डाच्या शेजारी. ज्योतीला जपणारे दोन हात एवढं चिन्ह पाहिलं की घरातल्या बायकासुद्धा निर्धास्त असत. कंपनीने हा पैसा कुठे गुंतवलाय हे कुणी विचारलेलं मला आठवत नाही. सरकारची हमी आहे, एवढं पुरे होतं. ती हमी खरीच होती, महामंडळाच्या कायद्यात लिहिलेली. तरी आज वाटतं, त्या निर्धास्तपणाला आणखी एक आधार होता. काही वेडंवाकडं झालं तर संसदेत कुणीतरी उठून उभं राहील आणि मंत्र्याला उत्तर द्यावं लागेल, हे त्या पिढीने डोळ्यांनी पाहिलं होतं.

तो काळ सगळाच सोन्याचा नव्हता, हेही सांगायला हवं. साध्या विमाधारकाला महामंडळाचा ताळेबंद दिसणं जवळजवळ अशक्य होतं. अहवाल संसदेच्या पटलावर ठेवला जाई आणि सामान्यांच्या दृष्टीने तिथेच राही. सरकारी कंपन्यांच्या हिशोबावर कॅगची नजर असते, पण आयुर्विमा महामंडळाचं लेखापरीक्षण तेव्हाही कॅगकडे नव्हतं, आजही नाही. १९६४ मध्ये सार्वजनिक उपक्रमांसाठी संसदेची खास समिती झाली आणि हे महामंडळ तिच्या कक्षेत आलं. पण समितीच्या बैठका बंद दाराआड. कर्णे पुन्हा लागले नाहीत.

आता चित्र उलटं झालं आहे. मे २०२२ मध्ये सरकारने आपला साडेतीन टक्के हिस्सा विकला, ९४९ रुपये भावाने शेअर काढला आणि १७ मे रोजी महामंडळ शेअर बाजारात आलं. कितीतरी विमाधारक त्या दिवशी भागधारकही झाले. तेव्हापासून दर तिमाहीला निकाल, संचालक मंडळाचे निर्णय, मोठ्या घडामोडी, सारं बाजाराला कळवावं लागतं. निवृत्त शिक्षक फोनवर तो ताळेबंद उघडून बघू शकतो. हा बदल मोलाचा आहे.

त्याची परीक्षा लवकरच झाली. २४ जानेवारी २०२३ ला अदानी समूहावर गैरव्यवहाराचे आरोप करणारा हिंडेनबर्ग या अमेरिकी संस्थेचा अहवाल आला आणि आठवडाभरात, ३० जानेवारीला, महामंडळाने आपली त्या समूहातली गुंतवणूक जाहीर केली: शेअर आणि रोखे मिळून ३६,४७४.७८ कोटी, म्हणजे आपल्या एकूण गुंतवणुकीच्या एक टक्क्याहून कमी. शेअरची खरेदी किंमत ३०,१२७ कोटी, २७ जानेवारीच्या भावाने ५६,१४२ कोटी. फिरोज गांधींना जे खोदून काढावं लागलं, ते इथे कुणी न मागता छापून आलं. महामंडळाचं श्रेय महामंडळाला द्यायलाच हवं.

मग संसदेत काय झालं? संयुक्त समितीची मागणी झाली, ती मान्य झाली नाही, दोन्ही बाजूंच्या गोंधळात अर्थसंकल्पी अधिवेशनाचा उत्तरार्ध वाहून गेला आणि अनुदानाच्या मागण्या चर्चेविना मंजूर झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञ समिती नेमली, पण तिच्यापुढे प्रश्न बाजारावरच्या देखरेखीचा होता, महामंडळाच्या खरेदीचा नव्हता. ती गुंतवणूक वाईट होती असं मी म्हणत नाही. ती कशी ठरली, महामंडळाच्या गुंतवणूक समितीत कुणी काय मत दिलं, हे लोकांसमोर विचारलं गेलं नाही, एवढंच म्हणतो. आकडा मिळाला आणि आपण तेवढ्यावर थांबलो.

छागलांनी नेमकं त्याच जागी बोट ठेवलं होतं. महामंडळाच्या कायद्याचं कलम २१ म्हणतं की धोरणाच्या बाबतीत सरकार आदेश देऊ शकतं, पण लेखी. मुंदडा व्यवहारात लेखी काहीच नव्हतं. स्वायत्त महामंडळाच्या कामात सरकारने ढवळाढवळ करू नये, करायचीच असेल तर लेखी आदेश देण्याची टाळाटाळ करू नये, आणि सचिवाने केलेल्या कामाची जबाबदारी मंत्र्याने घ्यावी, असं त्यांनी बजावलं. साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी याहून नेमकी मागणी मला कुठे वाचायला मिळालेली नाही.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याने कागद मागता येतो, पण व्यापारी गुपिताचं कारण देऊन नकारही मिळू शकतो. म्हणून कागद मागायची वेळच येऊ नये. कलम २१ अजून कायद्यात आहे. या वर्षी सरकारने त्याखाली काही आदेश दिला का, दिला तर कोणता, हे महामंडळाच्या वार्षिक अहवालात एका ओळीत छापावं. दिला नसेल तर ‘नाही’ असंही छापावं. आणि सार्वजनिक उपक्रम समितीसमोर एखाद्या मोठ्या गुंतवणुकीबद्दल अधिकारी उत्तरं देतील, तेव्हा ती बैठक संसद टीव्हीवर दाखवावी. त्यासाठी नवा आयोग नको की नवा कायदा नको, समितीच्या नियमांत एक दुरुस्ती पुरेल.