खटका

बटण दाबले की दिवा लागतो, ही आपल्या लेखी एकच घटना असते. यंत्राच्या लेखी ती एक नसते. बटणाच्या पोटात धातूचे दोन तुकडे असतात; बोट दाबताच ते एकमेकांवर आदळतात आणि जमिनीवर टाकलेल्या चेंडूप्रमाणे काही वेळा उसळून मगच स्थिरावतात. सेकंदाच्या काही हजाराव्या भागांत हे सारे आटोपते. विजेच्या दिव्याला त्याचे सोयरसुतक नसते. परंतु त्याच बटणाला नखाएवढा एखादा संगणक जोडला, तर तो सेकंदात हजारो वेळा बटणाकडे डोकावून पाहतो आणि आपल्या एका दाबण्यात त्याला पाच-सहा दाबणी दिसतात. एक सूर मागावा आणि पाच पदरात पडावेत, अशी गत होते. म्हणून त्याला शिकवावे लागते : पहिला स्पर्श मोज, त्यानंतर अमुक इतका वेळ जे दिसेल त्याची दखल घेऊ नकोस. या व्यवस्थेला तंत्रज्ञ ‘डिबाउन्स’ म्हणतात. आज्ञावलीत त्यासाठी चार-पाच ओळी पुरतात.

त्या ओळी लिहीत असताना, वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलेला स्वनिमविचार मला नव्याने आठवला. भाषाविज्ञानाच्या घटकात आपण हे वाचले असेल की, एकाच माणसाने दहा वेळा उच्चारलेला ‘क’ दहा प्रकारचा असतो, आणि तरीही ऐकणारा तो एकच मानतो. ‘कडा’ आणि ‘खडा’ यांतला भेद मात्र मराठी कान सोडत नाही, कारण तिथे अर्थ बदलतो. तमिळ भाषकाला हाच भेद प्रयत्नाने शिकावा लागतो. त्याच्या भाषेने तो न मोजण्याचे ठरवलेले आहे. आपल्या लिपीनेही काही भेद असेच वाऱ्यावर सोडले. ‘जरा थांब’मधील ‘जरा’ आणि म्हातारपण या अर्थाचा ‘जरा’ कागदावर एक दिसतात, कानाला दोन ऐकू येतात. भाषा येणे म्हणजे भेद ऐकू येणे, असे आपण सांगतो. त्याहून कितीतरी जास्त भेद ऐकू न येणे हाही त्याच शिक्षणाचा भाग असतो.

माझ्यासारख्या भाषेच्या शिक्षकाच्या हाती वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी डाख देण्याचे हत्यार यावे, याला कारण घडले ते माझे थोरले बंधू. आम्ही त्यांना दादा म्हणतो. गावच्या भजनी मंडळात त्यांनी चाळीस वर्षे पेटीची साथ केली. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा खंडित झाला. उजवा हात गेला आणि त्याच्याबरोबर वाणी गेली. पेटी उजव्या हाताने वाजते, डावा हात भाता मारतो. म्हणजे जो हात उरला तो नुसती हवा भरणारा.

वाणीतून एकच शब्द मागे राहिला : ‘बरं’. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी ज्या रुग्णाच्या मेंदूविषयी आपले निरीक्षण मांडले, तो ‘टॅन’ एवढाच उच्चार करू शकत असे. हे मी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल! पाठ्यपुस्तकातला रुग्ण आपल्या ओसरीवर येऊन बसतो तेव्हा मात्र फळ्यावरचे ज्ञान फारसे उपयोगी पडत नाही. दादांचे चढत्या सुरातले ‘बरं’ म्हणजे प्रश्न, तोडून टाकलेले ‘बरं’ म्हणजे नकार, आणि लांबवलेले म्हणजे आता पुरे करा. हे व्याकरण वहिनींनी आठवड्याभरात आत्मसात केले. वाचा गेलेली माणसे पुष्कळदा गाऊ शकतात, ही गोष्ट वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १९७३ साली बोस्टनच्या संशोधकांनी तिच्या आधाराने बोलणे शिकवण्याची एक पद्धतही मांडली. दादाही हरिपाठ शब्दांसकट गात. पण त्यांना गायचे नव्हते. ते आयुष्यभर साथीला बसलेले गृहस्थ. बंद पेटीच्या झाकणावर डावा हात ठेवून ते संध्याकाळी बसून राहत.

बाजारात विजेवर चालणारे कीबोर्ड मिळतात, त्यांना भाता लागत नाही आणि एका हाताने ते वाजवता येतात. तसा एक आणून पाहिला. अडचण वेगळ्याच जागी निघाली. दादांच्या डाव्या हाताला वयोमानाने कंप होता, आजाराच्याही आधीपासूनचा. भाता मारताना तो कोणाच्या लक्षात येण्याचे कारण नव्हते. अरुंद पट्ट्यांवर मात्र बोट शेजारच्या सुराला लागे आणि लागलेला सूर दोनदा वाजे. कोणता स्पर्श मोजायचा आणि कोणता नाही, हे त्या तयार वाद्याला सांगण्याची काही सोय नव्हती. तेव्हा जे सांगता येईल असे काहीतरी करावे, असे मनाने घेतले.

ज्या भाषेत हे सांगायचे तिचे नाव ‘मिडी’. १९८३च्या जानेवारीत अमेरिकेतील एका वाद्यप्रदर्शनात दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडली गेली आणि एकावर वाजवलेले दुसऱ्यावर वाजले. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी या दोघांच्या पुढाकारातून हे घडले होते. या भाषेच्या संदेशात ध्वनी मुळीच नसतो. असतात ते तीन आकडे : सूर सुरू झाला, तो अमुक क्रमांकाचा, आणि इतक्या जोराने. क्रमांकही ० ते १२७, जोरही ० ते १२७. काळी एकचा मधला षड्ज म्हणजे ६१. बोट उचलले की सूर थांबल्याचा निराळा संदेश जातो, आणि तो वाटेत हरवला तर सूर थांबतच नाही. प्रत्यक्ष नाद निर्माण होतो तो पलीकडच्या संगणकात. आपण बनवतो तो डबा स्वतः मुका असतो. यूएसबीच्या तारेने जोडला की संगणक त्याला वाद्य म्हणून ओळखतो, एवढेच.

(इतक्या मोजक्या, अचल क्रमांकांत आपले संगीत कसे मावणार, हा आक्षेप रास्त आहे. तो जुनाही आहे. पेटीला मींड काढता येत नाही म्हणून १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली आणि ती अंशतः उठायला १९७१ साल उजाडले. परंतु पेटीवर आयुष्य काढलेल्या माणसापुढे हा वाद घालण्यात अर्थ नसतो.)

पुण्याला बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या परिसरात, इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांची दुकाने दाटीवाटीने उभी आहेत. तिथून तारा, रोध, दहा किलोओहमचे तीन नॉब आणि स्वतःला यूएसबी वाद्य म्हणवू शकणारा एक लहानसा आर्डुइनो फलक घेतला. बटणे मात्र मुद्दाम मागवली. व्हिडिओ खेळांच्या यंत्रांवर असतात तसली, ३० मिलिमीटर व्यासाची, आत दिवा असलेली. बारा सुरांची बारा बटणे. आमच्या सुताराने सागवानी पेटारा करून दिला आणि ‘सर, हे बॉम्बसारखं दिसतंय’ असा अभिप्रायही दिला.

बटणे कोणत्या क्रमाने बसवावीत, हे ठरवण्यासाठी पुठ्ठ्याचे दोन नमुने दादांपुढे ठेवले : एकात सूर नेहमीप्रमाणे डावीकडून उजवीकडे चढत जाणारे, दुसऱ्यात आरशातल्यासारखे उलटे. त्यांनी उलटा नमुना ओढून घेतला. उजव्या अंगठ्याची जागा डाव्या अंगठ्याला मिळाली. चाळीस वर्षांची आठवण बोटांनी दुसऱ्या हातात नेली होती. राग निवडला की त्याच्या सुरांचे दिवे मंद लागतात, म्हणजे भूप असेल तर पाचच. ती सोय दादांसाठी नव्हती, शेजारी येऊन बसणाऱ्या नातवासाठी होती.

तीन नॉबपैकी पहिला पट्टी बदलण्याचा. दुसरा भात्याचा. पेटीत बोटाच्या जोराने आवाज वाढत नाही, हवेने वाढतो. म्हणून संदेशातला जोराचा आकडा मी कायमचा बांधून टाकला आणि आवाजाची चढउतार या नॉबकडे दिली. तो वहिनींनी आपल्या ताब्यात घेतला. नॉबचेही एक गूढ असते. कोणी हात लावला नसला तरी त्याचे माप दोन आकड्यांच्या सीमेवर थरथरत राहते, आणि संगणकाला वाटते, कोणीतरी तो सतत फिरवीत आहे. तिथेही सांगावे लागते की एवढ्यातेवढ्या बदलाला बदल समजू नकोस.

आता तिसरा नॉब. धातूची उसळी विसरायला यंत्राला सेकंदाचे ५ ते २० हजारांश पुरतात. हाताच्या कंपाचे तसे नसते. अशा प्रकारच्या कंपात हात सेकंदाला साधारण ४ ते १२ वेळा हलतो. म्हणजे दोन हेलकाव्यांमध्ये ८० ते २५० हजारांशांचे अंतर. तो गाळायचा तर यंत्राने तितका वेळ डोळे मिटून घेतले पाहिजेत. पण कसलेला वादक एकच सूर झटपट दोनदा छेडतो, खटका घेतो, तेव्हा त्या दोन आघातांतले अंतरही शंभर हजारांशांच्या आसपासच असते. एक आपोआप झालेला, दुसरा मनापासून केलेला. काळाच्या मोजपट्टीवर दोघांची जागा एकच. कितीही बारकाईने मोजले तरी त्यातला हेतू यंत्राच्या हाती लागत नाही. भाषेत अशा वेळी आपण बोलणाऱ्याला विचारतो, ‘काय म्हणालात?’ येथे विचारावे तर उत्तराला शब्द एकच होता.

हा आकडा दादांच्या वतीने मी ठरवू नये, असे वाटले. म्हणून तो आज्ञावलीत न लिहिता तिसऱ्या नॉबवर ठेवला. डावीकडे टोकाला ५ हजारांश, उजवीकडे टोकाला २५०. डावीकडे वळवाल तसा प्रत्येक स्पर्श मोजला जाईल. उजवीकडे वळवाल तसे सूर स्वच्छ होत जातील आणि दुहेरी आघात गळत जातील.

पहिले काही दिवस त्यांनी तो पूर्ण उजवीकडे ठेवला. अभंगाची संथ चाल त्यावर उत्तम वाजे. घरातल्या सर्वांना ते पूर्वीसारखे वाटले. वहिनी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आल्या आणि पुन्हा भात्याच्या नॉबपाशी बसल्या. दादा मात्र मध्येच थांबत आणि एखाद्या बटणाकडे पाहत राहत. त्यांनी दोनदा छेडलेला पंचम एकदाच आलेला असे.

गुरुवारी मंडळातली जुनी मंडळी आली. पखवाजावर त्यांचे नेहमीचे जोडीदार होते. गजर सुरू होण्यापूर्वी दादांनी तो तिसरा नॉब डावीकडे फिरवला, टोकापर्यंत. मी काही बोलायच्या आत त्यांनी सुरुवात केली. षड्ज एकाचे तीन होऊन आला, मध्यमही तसाच. संगणकातून येणाऱ्या त्या गुळगुळीत आवाजाला प्रथमच खडबडीतपणा आला होता, आणि मधूनमधून, कंपाच्या गर्दीतून, त्यांचा जुना खटका स्पष्ट उमटत होता. कोणता आघात हाताचा आणि कोणता मनाचा, हे पखवाजवाल्यांना कळत असावे. ते बरोबर त्याच जागी थाप देत होते. चौथ्या आवर्तनानंतर मला वाटते मलाही थोडे कळू लागले.

मंडळी गेल्यावर मी पांढरा रंग आणि बारीक कुंचला घेऊन बसलो. दोन्ही टोकांच्या मधली, सूर बऱ्यापैकी स्वच्छ आणि खटकाही बऱ्यापैकी शाबूत अशी एक जागा मी मोजून काढली होती. तिथे खूण करून ठेवावी, म्हणजे रोज शोधावी लागणार नाही, असा विचार होता. दादांनी माझा हात धरला आणि बाजूला केला.

“बरं,” ते म्हणाले. तोडून टाकलेले.

मी रंगाची डबी बंद केली. त्या नॉबवर अजून खूण नाही.