भर पावसात, लांबच्या वाटेनं

पाऊस, वीकेंड आणि कर्जतचा वडा. मुंबईकर ट्रेकरला आणखी काय हवं? मला विचाराल तर खांडस-भीमाशंकर! कर्जतहून टमटमनं खांडस गाठायचं आणि तिथं ठरवायचं, शिडी घाट की गणेश घाट?

शिडी घाट म्हणजे फुल थ्रिल. लोखंडी शिड्या, निसरडा कातळ आणि डोक्यावर धबधबा. गणेश घाट लांबचा. पण पावसात मी डोळे मिटून हाच धरतो. वाटेतल्या गणपतीच्या पाया पडायचं आणि धुक्यात पुढच्याची सॅक बघत चालत राहायचं. तासाभरात बुटांची तळी होतात, रेनकोट आतूनही ओला. वर पठारावर दोन्ही वाटा भेटतात. मग खडा चढ, शेकरूंचं जंगल आणि थेट ज्योतिर्लिंग!

याच पावसाचं दुसरं रूपही विसरू नका. शेजारच्या खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी १९ जुलै २०२३च्या रात्री दरडीखाली गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं बेपत्ताच राहिली. वर गाडीरस्ता नव्हता, यंत्रं पोचेनात. मदतीला गेलेल्यांनी चिखलातली पायवाट चढून हातांनी ढिगारा उपसला.

आपण हौसेनं चढतो, ती वाडीवाल्यांची रोजची वाट. डोंगर त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतो. तेव्हा खांडसच्या एखाद्या मामांनी ‘आज नको’ म्हटलं, की मुकाट परत फिरायचं. भीमाशंकर कुठं जात नाही!