झोपेतला श्वास

घोरणे हा आपल्याकडे विनोदाचा विषय आहे. लग्नघरी ओळीने गाद्या घातलेल्या असोत, की वेलांकणीच्या यात्रेला निघालेला रेल्वेचा डबा असो, सकाळच्या चहाबरोबर पहिली चर्चा होते ती रात्री कोणाची गाडी सुसाट धावली याची. घोरणारा हसतो, ऐकणारे हसतात आणि विषय तेथेच संपतो. फार तर एखादी आजी म्हणते, 'दमतो बिचारा, म्हणून गाढ झोपतो.' वैद्यकशास्त्र मात्र आजीच्या या मायेच्या निदानाशी सहमत नाही. मोठ्याने घोरणारा माणूस गाढ झोपलेला असतोच असे नाही. कित्येकदा तो रात्रभर श्वासासाठी झगडत असतो, आणि सर्वांत आश्चर्याची गोष्ट म्हणजे या झगड्याची वार्ता त्याची त्यालाच नसते.

स्लीप अ‍ॅप्निया हे या आजाराचे नाव. शब्द ग्रीक आहे, आणि सेमिनरीत नव्या कराराचे ग्रीक थोडेफार गिरवलेल्या आमच्यासारख्याला त्यात एक ओळखीचा धातू सापडतो. ज्या धातूपासून 'न्यूमा' हा शब्द आला, त्यालाच नकारार्थी 'अ' लागून हा शब्द झाला आहे. न्यूमा म्हणजे वारा, श्वास आणि आत्माही. पेन्टेकॉस्टच्या प्रवचनात न्यूमाचे हे तिन्ही अर्थ आम्ही वर्षानुवर्षे उलगडून सांगत आलो. त्याचा नकार आमच्याच घशात वस्तीला असेल, ही कल्पना मात्र कोणाला असणार?

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींच्या बाबतीत जिभेचे मूळ आणि मऊ टाळू मागे सरकून श्वासाची वाट बंद करतात. छाती हलत असते, पण हवा आत जात नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून अधिक. रक्तातला प्राणवायू उतरू लागतो, मेंदू सावध होतो आणि शरीराला अर्धवट जागे करतो. मग एक मोठा हुंदक्यासारखा श्वास येतो, वाट उघडते, माणूस पुन्हा झोपेत बुडतो आणि वाट पुन्हा बंद होते. सकाळी यातले काहीही आठवत नाही. आठवतो तो जड झालेला माथा, सुकलेला घसा आणि दिवसभर पापण्यांवर बसलेला भार. असे प्रसंग ताशी पाचापर्यंत घडले तर डॉक्टर चिंता करीत नाहीत. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या पुढे तीव्र, असे मोजमाप आहे. आमचा आकडा ४२ निघाला.

प्रापंचिक माणसाला हा आजार कळतो तो बहुधा पत्नीमुळे. नवऱ्याचा श्वास थांबला की ती दचकून उठते, त्याला हलवते, कूस बदलायला लावते. धर्मगुरूच्या खोलीत असे कोणी नसते. आमच्या ब्रह्मचर्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातला त्याग, त्यातली मोकळीक, संध्याकाळचे एकटेपण, सारे काही. परंतु निजलेल्या धर्मगुरूचा श्वास थांबला तर तो ऐकणार कोण, हा प्रश्न सेमिनरीच्या सात-आठ वर्षांत कोणी विचारल्याचे आम्हांला स्मरत नाही. प्रश्न साधा आहे, आणि आज आम्हांला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

आम्हांला साक्षीदार लाभला तो वार्षिक रिट्रीटमध्ये. मौनाचे दिवस होते, खोल्यांमधल्या भिंती पातळ होत्या आणि शेजारी एक वयोवृद्ध फादर होते, ज्यांची झोप वयोमानाने उडालेली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आम्हांला अंगणातल्या आंब्याखाली थांबवले आणि चक्क मौन मोडले. म्हणाले, "तू घोरतोस, त्याचे मला काही नाही. पण तू मध्येच थांबतोस. माझ्या हातात रोझरी होती. तू थांबलास, माझी एक नमो मारिया संपली, दुसरी अर्ध्यावर आली, तरी तुझा श्वास येईना. डॉक्टरांकडे जा." एवढे बोलून ते पुन्हा मौनात गेले. दिवसा येणारी झोप कामामुळे व वयामुळे येते, असे तोवर सारेच म्हणत. दुपारी पापनिवेदन ऐकताना डोळे ओढू लागत, प्रार्थनापुस्तकातली ओळ दोनदा वाचावी लागे. लिझ्यूच्या संत तेरेजाने, आपल्याला प्रार्थनेच्या वेळी वर्षानुवर्षे झोप लागते, हे आत्मकथनात मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. त्याचा आम्हांला मोठा आधार वाटे. त्या संतिणीला कोणता आजार होता हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. आमच्या बाबतीत मात्र प्रश्न भक्तीचा नसून घशाचा निघाला.

तपासणीची रात्र मौजेची होती. डोक्याला, कपाळाला, हनुवटीला, पायांना तारा चिकटवल्या, छातीला व पोटाला पट्टे बांधले, नाकाशी नळी आणि बोटाला चिमटा लावला, आणि तंत्रज्ञ म्हणाला, 'फादर, आता नेहमीसारखे झोपा.' आम्ही झोपलो हेच नवल. त्यानंतर डॉक्टरांनी सीपॅप नावाचे यंत्र लिहून दिले.

या यंत्राची जन्मकथा वाचनीय आहे. १९८० पूर्वी तीव्र आजारावर खात्रीचा उपाय म्हणजे गळ्याला छिद्र पाडून त्यातून श्वास घ्यायला लावणे. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे डॉ. कॉलिन सलिव्हन यांच्यासमोर १९८० साली असा एक रुग्ण होता, ज्याने गळ्याला छिद्र पाडून घ्यायला नकार दिला. सलिव्हन यांनी घर झाडायच्या व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरसारखी हवा फेकणारी मोटर घेतली, नळी जोडली आणि त्याच्या नाकातून अखंड हवा सोडली. श्वासाची वाट उघडी राहिली, माणूस गाढ झोपला. १९८१ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ही हकिगत प्रसिद्ध झाली. आजचे यंत्र उशाशी मावेल एवढे आणि पंख्याहूनही हळू बोलणारे आहे, पण तत्त्व तेच. ते आपल्यासाठी श्वास घेत नाही, त्यात प्राणवायूची टाकी नसते. खोलीतलीच हवा गाळून, किंचित दाबाने ते नाकात सोडते, आणि तो दाब तंबूला आतून टेका द्यावा तसा घसा उघडा धरतो. दाब तरी किती? पाण्याने भरलेल्या उंच पेल्यात दहा सेंटीमीटर खोल नळी बुडवून फुंकावी. बुडबुडा निघायला जो जोर लागतो, तेवढा. आदामाच्या नाकपुड्यांतून प्राण आत गेला, हे उत्पत्तीच्या पुस्तकातले चित्र आम्हांला पहिल्याच रात्री आठवले. मात्र आदामाला तोंडावर पट्टे आवळून घ्यावे लागले नव्हते.

कारण ती पहिली रात्र खडतर होती. श्वास आत घेणे सोपे. बाहेर सोडताना समोरून वारा येतो आणि जीव गुदमरल्यासारखा होतो. मध्यरात्री एकच्या सुमारास मास्क काढून उशाखाली ठेवला. दुसऱ्या रात्री दोन तास, तिसऱ्या रात्री दीड. यंत्र आणून देणारा तंत्रज्ञ पंचविशीतला मुलगा. त्याने दिलेली सूचना आम्हांला नवशिष्यांच्या गुरूने द्यावी तशी वाटली. तो म्हणाला, "फादर, आधी जागेपणी लावा. संध्याकाळी अर्धा तास मास्क लावून पेपर वाचा. अंगाला ओळख पटली की मग झोपा." त्याप्रमाणे आम्ही आठवडाभर संध्याकाळचे वाचन मास्क लावून केले. यंत्रात एक सोयही आहे: प्रारंभी दाब कमी ठेवून अर्ध्या तासात तो हळूहळू वाढवता येतो, म्हणजे दाब पुरता चढेस्तोवर माणूस झोपलेला असतो.

मग एकेक कटकट निपटत गेलो. पट्टे सैल राहिले तर हवा डोळ्यांत जाते. आवळले तर नाकावर व्रण उठतो. उताणे झोपून, यंत्र चालू ठेवून पट्टे बसवावेत, उभ्याने नव्हे. पडल्यावर चेहरा बदलतो. घसा सुकू नये म्हणून यंत्राला पाण्याचे लहान भांडे असते. त्यात डिस्टिल्ड पाणी घालावे, नळाचे घातले तर क्षार साचतात. धर्मगुरूनिवासात स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी विचारले, "फादर, चर्चमधले आशीर्वादित पाणी चालेल का?" भाव लाखमोलाचा होता, पण तेही शेवटी नळाचेच. डिसेंबरातल्या थंड रात्री नळीत वाफेचे पाणी होऊन गुळगुळ आवाज येऊ लागला, तेव्हा मावशींनीच जुन्या गोधडीची नळीला खोळ शिवून दिली. मास्क रोज पुसायचा, आठवड्याला भांडे व नळी सौम्य साबणाने धुवायची, गाळणी वेळच्या वेळी बदलायची. वीज गेली की यंत्र बंद पडते; मास्कला छिद्रे असल्याने जीव कोंडत नाही, पण झोप मोडते. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे. ज्यांच्याकडे नाही, त्यांनी आधी ही चौकशी करावी.

एक अडचण खास आमच्या व्रताची होती. आमचा मास्क केवळ नाकाचा आहे. तो चढवल्यावर तोंड उघडले की हवा तोंडावाटे भस्सकन बाहेर पडते आणि शब्द उडून जातात. रात्रीची प्रार्थना अंथरुणावर बसून, ओठांनी पुटपुटत म्हणायची आमची जुनी सवय. चौथे स्तोत्र, ज्यात भक्त निर्धास्तपणे निजायला जातो, ते तर मास्क लावून म्हणताच येईना. आता प्रार्थना आधी होते, मास्क नंतर. आणि त्यानंतर जे काही देवाशी बोलणे उरते ते ओठ मिटूनच. रात्री दोनला फोन येतो, कोणाला तरी अंत्यसंस्कारापूर्वीचे तेलमर्दन हवे असते. तेव्हा पट्टे न सोडता नुसती नळी खुडकन काढायची कळ बोटांनी अंधारातही सापडायला हवी. ती आता सापडते.

सकाळी साडेसहाच्या मिस्साला नाकावरची लाल रेघ प्रथम वेदीसेवक मुलांनी पाहिली. मुलांकडून घरी, घरून बाजारात. आठवड्यात वार्ता पसरली की फादरना ऑक्सिजन लावला आहे. कोविडच्या दिवसांपासून हा शब्द आपल्या लोकांच्या काळजात रुतून बसला आहे. दोन बाया डोळे पुसत भेटायला आल्या. त्याच सुमारास, २०२५ च्या मार्चमध्ये, पोप फ्रान्सिस न्यूमोनियाने रोमच्या जेमेल्ली इस्पितळात होते, आणि रात्री मास्कद्वारे यंत्राचे श्वसनसाहाय्य दिले जाते, असे व्हॅटिकनच्या निवेदनांत येत होते. त्यांचा आजार निराळा, गंभीर. पण लोकांनी दोन मास्क एकत्र जोडले. शेवटी रविवारी सूचनांच्या वेळी आम्ही स्वतःच सांगून टाकले: आजाराचे नाव हे, यंत्र असे, प्राणवायू नव्हे, खोलीतलीच हवा. संत जोसेफची निजलेली मूर्ती पोप फ्रान्सिस जवळ ठेवत, हे त्यांनी २०१५ मध्ये मनिला येथे सांगितले होते. त्याचाही उल्लेख केला. झोपेविषयी चर्चमध्ये बोलणे काहींना विचित्र वाटले असावे.

पण लोक येऊ लागले. घोरण्याच्या लाजेने जे बोलत नव्हते ते बोलले. एक रिक्षाचालक आला, सिग्नलला डोळा लागतो म्हणणारा. त्याला त्याच आठवड्यात तपासणीला धाडले, कारण या आजाराचा बळी कधी कधी रस्त्यावरचा भलताच माणूस ठरतो. कोणाला वजन उतरवल्याने, कुशीवर झोपल्याने, रात्रीचा पेला सोडल्याने पुष्कळ उतार पडतो. दारूने घसा आणखी सैल पडतो, हे आपल्या लग्नसराईत सांगणे अवघड, तरी सांगितले. यंत्राची किंमत हजारोंच्या घरात जाते. दोघांसाठी पॅरिशमधल्या संत विन्सेंट डी पॉल संघाने हातभार लावला.

एक सेवानिवृत्त दांपत्य आले. अकरा वर्षे बाई बाहेरच्या खोलीत झोपत होत्या. विवाहपूर्व मार्गदर्शनात आम्ही दांपत्यांशी पैशांवर, सासरवर, मुलांवर बोलतो. घोरण्यामुळे वेगळी झालेली अंथरुणे हा विषय आमच्या टिपणांत कधी नव्हता. आता आहे. त्यांना यंत्र मिळाले, बाई आपल्या खोलीत परतल्या. महिन्याने भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "फादर, आता मलाच झोप येत नाही. आवाज नाही ना काही. मग हात पुढे करते. मास्कच्या भोकांतून वारा बोटांना लागला, की मग डोळा लागतो."

आमचा ताशी आकडा आता तीन-चारांवर आहे. यंत्र तो रोज सकाळी दाखवते. परवा धर्मगुरूंच्या बैठकीनंतर जिन्यात तिघांनी आम्हांला बाजूला घेतले आणि हळू आवाजात डॉक्टरांचा पत्ता मागितला. त्यांतल्या एकाला भरघोस दाढी आहे; दाढीवर मास्क बसतो का, ही त्याची खरी चिंता. मिशीवर निभावते, दाढीतून हवा निसटते, पण नाकपुड्यांत बसणारा छोटा प्रकारही मिळतो, असे आम्ही सांगितले. तपासणीची तारीख त्याने घेतली आहे. दाढीचे अजून ठरलेले नाही.